ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे, मुंबईहून परतताना काय दाखवाल?

सुट्टीला अंधेरीत घरी आलात, आता अमेरिकेला परत निघालात. सहारच्या टर्मिनल २ वर चेक-इनला विचारतात, "व्हिसा?" अशा वेळी अनेकजण ग्रीन कार्डच्या अर्जाची पावती, म्हणजे आय-७९७सी, पुढे करतात. ती फक्त अर्ज पोचल्याचं सांगते. तिच्यावर प्रवेश मिळत नाही. योग्य कागद नसलेला प्रवासी नेल्यास दंड विमान कंपनीला होतो, म्हणून काउंटरवरच अडवतात.

मग चालतं काय? पासपोर्टवर मुदतीतला एच-१बी किंवा एल-१ व्हिसा (घरच्यांचा एच-४, एल-२) आणि मंजुरीचं आय-७९७. शिक्क्याची मुदत संपली असेल, तर आधी वकिलातीतून नवा घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग 'अ‍ॅडव्हान्स पॅरोल'चा, कागदाचं नाव आय-५१२एल. दचकू नका, तुरुंगाशी संबंध नाही! मात्र तो अमेरिका सोडण्याआधी मंजूर झालेला हवा आणि परतण्याच्या दिवशी मुदतीत हवा. वरच्यापैकी कुठलाही दर्जा नसताना पॅरोलशिवाय बाहेर पडलात, तर आय-४८५ अर्ज सोडून दिला असंच सहसा धरतात.

पॅरोल असला तरी शेवटचा निर्णय तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. चौकशीसाठी वेगळं बसवून ठेवू शकतात, तेव्हा पुढचं विमान लगेचचं घेऊ नका.