पगार, हप्ता आणि बँकेचा शेअर

पर्सनल लोन देताना बँक घराचे कागद मागत नाही आणि सोनंही नाही. मागते ती सॅलरी स्लिप आणि खात्याचा उतारा. कर्ज विनातारण म्हणायचं, पण सगळी भिस्त पुढच्या महिन्याच्या पगारावर. त्यामुळे नोकऱ्यांचं चित्र बिघडलं की पहिला धक्का याच कर्जांना बसतो आणि तिथून तो शेअर बाजारात पोचतो.

मात्र तो लगेच दिसत नाही. नोकरी गेलेला माणूस आधी बचत मोडतो. मग कार्डाचं पूर्ण बिल भरायचं सोडून नुसती किमान रक्कम भरू लागतो. उरलेल्या रकमेवर व्याज चढतं आणि बँकेचं उत्पन्न काही काळ वाढलेलंच दिसतं. बाजार फसतो तो इथे. नंतर हप्ते चुकायला लागतात. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की कर्ज अनुत्पादक ठरतं आणि बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते. जप्त करण्याजोगं काही नसल्यानं ही तरतूद मोठी असते. तिमाही निकालात ती दिसली की शेअर पडतो.

दुसरी वाट भांडवलाची. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं पर्सनल लोनसारख्या कर्जांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण कर्जं त्यातून वगळली. जोखीमभार लावून जी रक्कम येते, तिच्या किमान ९ टक्के भांडवल बँकेला राखावं लागतं. म्हणजे १०० रुपयांच्या कर्जामागे आधी ९ रुपये अडकत, ते सव्वाअकरा झाले. तेवढ्याच भांडवलात आता कमी कर्जं देता येणार, हे बाजारानं लगेच ओळखलं. दुसऱ्याच दिवशी बँका, कार्ड कंपन्या आणि बिगर-बँक वित्तसंस्थांचे शेअर घसरले. तरीही मला हे पाऊल योग्यच वाटतं, कारण लोकांचे पगार सुरू असतानाच भांडवल बाजूला काढता येतं. नोकऱ्या जायला लागल्यावर ते जमत नाही.

मग गुंतवणूकदारानं बेरोजगारीचा आकडा पाहावा का? पाहावा, पण बेतानं. आपल्याकडे संपूर्ण देशाचा हा आकडा दरमहा मिळायला लागला तो मे २०२५ पासून. शिवाय त्या मोजणीत आठवड्यात एक तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. आयटीतली नोकरी सुटून मोटारसायकलवरून पार्सलं पोचवणारा तरुण या पाहणीत बेरोजगार नसतो, पण जुन्या पगाराच्या हिशेबानं घेतलेला हप्ता त्याला झेपत नाही. खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्ते किती परत गेले, याचे आकडे दरमहा येतात. तिमाही निकालांत ३० दिवसांपुढच्या थकबाकीचा तपशील काही वित्तसंस्था देतात. आधी हे दोन आकडे पाहावेत, कारण अनुत्पादक कर्जाचा आकडा येईपर्यंत भाव बहुतेक वेळा पडून गेलेला असतो.