बाळाचे घड्याळ अजून न्यू जर्सीतच

डिसेंबरच्या सुट्टीत न्यू जर्सीहून मुलगी व जावई बाळाला घेऊन पुण्याला येतात. मुंबई विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत उजाडलेले असते. दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो आणि दिवसभर बाळ गाढ झोपते. "किती शहाणे आहे," असे कौतुक होते. रात्री दोन वाजता मात्र तेच बाळ टक्क जागे होऊन खेळू लागते. पहिल्या रात्री आजी-आजोबांना याची गंमत वाटते. तिसऱ्या रात्री सर्वांचाच धीर सुटू लागतो. पुण्यात रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. बाळाच्या दृष्टीने ती खेळण्याचीच वेळ असते.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात असते. डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला दिवसाची वार्ता देतो. अंधार पडला, की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि झोपेची तयारी होते. हे घड्याळ दिवसाला साधारण एक तास एवढेच सरकते. त्यामुळे साडेदहा तासांचा फरक भरून निघण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दोन-तीन महिन्यांपर्यंतच्या तान्ह्या बाळात हे घड्याळ पुरते सुरूच झालेले नसते. ते भुकेनुसार झोपते व उठते, म्हणून त्याला प्रवासाचा त्रास तुलनेने कमी जाणवतो. खरी कसोटी असते ती सहा महिन्यांपासून पुढच्या मुलांची.

घड्याळ सरकवण्याचे मुख्य साधन उजेड हेच आहे आणि नेमकी तेथेच आपल्या घरांत गफलत होते. दमून आलेल्या बाळाला दिवसा शांत झोप मिळावी म्हणून पडदे ओढले जातात, फोन बंद ठेवले जातात. रात्री ते उठले, की दिवाणखान्यातील दिवे लागतात, दूरचित्रवाणी सुरू होते, सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. म्हणजे दिवसा रात्र आणि रात्री दिवस! याच्या उलट करावयास हवे. दिवसा खोलीत उजेड व नेहमीचे आवाज असू द्यावेत, बाळाला गच्चीत किंवा बागेत न्यावे आणि दिवसाची झोप दोन-अडीच तासांवर गेल्यास हळूच उठवावे. रात्री जाग आल्यास मंद प्रकाशात, फारसे न बोलता त्याच्याजवळ बसावे. भूक लागली असेल तर दूध जरूर द्यावे, कारण पोटालाही नवी वेळ कळावयास दिवस लागतात. बाळाला पाहण्यासाठी येणाऱ्या आप्तेष्टांना पहिले चार दिवस सायंकाळी उशिरा बोलावू नये. हे सांगणे अवघड असते, पण सांगावे लागते.

रात्रीच्या रडण्यावर दृष्ट काढण्याचा उपायही अनेक घरांत होतो. आठवडाभरात गुण येतो. तोवर घड्याळही जुळत आलेले असते. त्यात अपाय काही नाही. अपाय आहे तो झोपेसाठी काही पाजण्यात. बाळगुटीत जायफळ उगाळून देण्याची प्रथा जुनी आहे. परंतु उगाळताना किती वेढे जास्त झाले याचा हिशेब राहत नाही, आणि अधिक मात्रेत जायफळ विषारी ठरते. एक वर्षाखालील बाळाला मधही चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

त्याहून अधिक धोका सर्दीच्या औषधाचा. त्याने गुंगी येते, म्हणून प्रवासात चमचाभर पाजण्याचा सल्ला सहज दिला जातो. काही मुले मात्र या औषधाने झोपण्याऐवजी अधिकच अस्वस्थ होतात. मात्रा चुकल्यास श्वसनावरही परिणाम होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन वर्षांखालील मुलांना चिठ्ठीशिवाय मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असा सल्ला २००८ मध्ये दिला. भारतातही औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन व फेनिलएफ्रिन यांच्या मिश्र औषधांवर चार वर्षांखालील मुलांना न देण्याचा इशारा छापण्यास सांगितले. मेलाटोनिनच्या गोळ्या अमेरिकेतील दुकानांत सर्रास मिळत असल्या, तरी तान्ह्या मुलांसाठी त्या स्वतःहून आणू नयेत.

दुबईहून येणाऱ्यांना एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. दीड तासाचाच फरक असल्याने छोट्या मुक्कामात बाळाला तिकडच्याच वेळेवर ठेवले तरी चालते. लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा असतो. तेथून निघण्यापूर्वी आठवडाभर बाळाला रोज पाव तास लवकर झोपवण्याचा उपयोग होतो. अमेरिकेच्या बाबतीत अशी तयारी फारशी कामी येत नाही.

मात्र सारा दोष घड्याळावर टाकू नये. ताप, जुलाब, लघवी कमी होणे किंवा जागेपणीही बाळ मलूल दिसणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

परतल्यावर हेच चक्र उलट्या दिशेने सुरू होते. तेथे रात्री बाळाला मांडीवर घ्यायला आजी नसते आणि सोमवारी आई-वडिलांना कामावर, बाळाला पाळणाघरात जायचे असते. म्हणून परतीचे तिकीट काढतानाच सुट्टीचे शेवटचे तीन-चार दिवस हाताशी राखलेले बरे.