कानाची तपासणी, कानाचं मशीन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात कुणाला कमी ऐकू यायला लागलं की दोन वाटा सुचतात: कान-नाक-घसा तज्ज्ञ, नाहीतर बाजारात पाटी दिसलेलं मशीनचं दुकान. दोन्ही वाटांवर एक माणूस हेडफोन हातात देतो आणि सांगतो, "आवाज आला की बटण दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा." ही व्यक्ती कोण, तिचं शिक्षण काय आणि तिच्या कागदावरच्या आकड्यांचा अर्थ काय, हे बहुतेक घरांना माहीत नसतं. मला याचं वाईट वाटतं, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि लहान मूल असेल तर आयुष्यभर मोजतं.

"ते मशीनवाले ना?"

ऐकण्याची तपासणी करणारा ऑडिओलॉजिस्ट म्हणजे मशीन विकणारा किंवा डॉक्टरांचा मदतनीस, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की बारावी विज्ञान शाखेनंतर चार वर्षांचा बीएएसएलपी हा श्रवण आणि वाचा-भाषा विषयांतला पदवी अभ्यासक्रम असतो आणि त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष रुग्णांबरोबर जातं. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला महाविद्यालयात हे शिक्षण १९६६ पासून चालू आहे आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची आहे. म्हणजे महाराष्ट्राला हा व्यवसाय नवा नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ रोग बघतात, औषध देतात, शस्त्रक्रिया करतात. ऑडिओलॉजिस्ट ऐकणं मोजतो: किती कमी, कोणत्या स्वरांत कमी, दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या कानात आणि नसेत. त्यासाठी आवाज एकदा हेडफोनमधून देतात आणि एकदा कानामागच्या हाडावर कंपक ठेवून. हाडातून नीट ऐकू येतं पण हेडफोनमधून येत नाही, तेव्हा अडथळा बहुधा पडद्यापाशी किंवा मधल्या कानात असतो. अशा रुग्णाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, मशीनचा विचार नंतर. तपासणी चालू असताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडली जाते आणि बरेच जण वैतागून म्हणतात, "मशीन बिघडलंय." ती खरखर नसेल, तर चांगला कान बिघडलेल्या कानाच्या वतीने उत्तर देतो आणि पूर्ण बहिरा कान कागदावर निम्मा चांगला दिसतो. रस्त्यालगतच्या गाळ्यात, पंखा चालू ठेवून पाच मिनिटांत केलेल्या 'मोफत तपासणी'त नेमक्या याच गोष्टी गळतात.

"बाळ आवाजाला वळतं, म्हणजे ऐकू येतंय"

या एका समजाने जितकं नुकसान केलं आहे तितकं दुसऱ्या कशाने केलेलं मी पाहिलेलं नाही. आजी ताट वाजवते, बाळ दचकतं, घर निश्चिंत होतं. पण ताटाचा आवाज फार मोठा असतो, त्यात निरनिराळे स्वर एकत्र असतात आणि वाजवणाऱ्याचा हात बाळाला दिसतो. दार आपटलं की जमिनीतून हादरा जातो, तोही बाळाला कळतो. माणसाचं बोलणं याहून खूप हळू असतं. शिवाय त्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, थ, फ यांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि ती फार क्षीण असते. वरच्या पट्टीत कमी ऐकणारं मूल हाक मारली की वळतं, टीव्ही लावला की येतं, पण शब्द त्याला अर्धेच पोहोचतात. मग "लक्ष नसतं", "आळशी आहे", "त्याचे बाबाही उशिरा बोलले होते" अशा समजुतींत दोन-तीन वर्षं निघून जातात.

कायमचा, लक्षणीय श्रवणदोष दर हजार जन्मांमागे सुमारे एक ते तीन बाळांत आढळतो, आणि त्यातल्या पुष्कळ बाळांच्या घरात कुणीच बहिरं नसतं. म्हणून जगभर मानला जाणारा क्रम असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. ही घाई उगाच नाही. बाळ आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या काही महिन्यांत, आवाज ऐकू लागतं आणि जन्मानंतर मेंदूतली भाषेची घडण त्याच आवाजांवर होते. आवाज पोहोचलाच नाही तर मेंदूतली ती जागा दुसऱ्या कामांना लागते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी दिलेलं मशीन सहाव्या महिन्यात दिलेल्या मशीनएवढं फळ देत नाही.

तपासणी दुखत नाही. ओएई या चाचणीत कानात मऊ टोक ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी टिपतात. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये तो पहिल्यांदा मोजून दाखवला. मात्र ओएई 'पास' म्हणजे सगळं ठीक, हा नवा गैरसमज आता रुग्णालयांतूनच पसरतो आहे. काही बाळांत आतला कान प्रतिसाद देतो, पण नसेतून मेंदूकडे जाणारे संदेश विस्कळीत असतात. जन्मल्यावर कावीळ फार वाढली होती, बाळ अतिदक्षता विभागात होतं, अशा बाळांत हे अधिक दिसतं. तिथे बेरा चाचणी लागते. कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून श्रवणनसेचा आणि मेंदूच्या खोडाचा प्रतिसाद नोंदवतात आणि त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं. म्हणून आम्ही ऑडिओलॉजिस्ट सांगतो, सकाळी लवकर उठवा, प्रवासात झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा. लांबच्या तालुक्यातून एसटीने आलेल्या आईला हे किती जड जातं, ते आम्ही रोज बघतो. बाळ झोपलं नाही तर तिला पुन्हा यावं लागतं. बऱ्याच आया पुन्हा येत नाहीत, कारण त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

"किती टक्के ऐकू येतं?"

ऑडिओग्रामवर, म्हणजे तपासणीच्या आलेखावर, टक्के नसतात, डेसिबल असतात, आणि ६० डेसिबल म्हणजे ६० टक्के नव्हे. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते: दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे ३० डेसिबलच्या फरकात हजारपट. टक्केवारी येते ती फक्त दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी, ठरलेल्या सूत्राने. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांमध्ये ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर 'ऐकण्यास कठीण' आणि ७० किंवा त्याहून अधिक असेल तर 'बहिरे' अशी विभागणी आहे. आरक्षण आणि सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात.

इथे आमच्या कामातला एक कठीण भाग येतो. बटण दाबण्याची चाचणी रुग्णाच्या उत्तरावर चालते, आणि दाखल्याच्या आशेने काही जण ऐकूनही बटण दाबत नाहीत. बोलताना सहज उत्तर देणारा माणूस आलेखावर पूर्ण बहिरा दिसला की शंका येते. मग बेरासारखी, उत्तर न मागणारी चाचणी करावी लागते. त्यातून वाद होतात, ओळखीचे फोन येतात. पण एक खोटा दाखला दिला की त्याच जागेसाठी रांगेत असलेला खरा कर्णबधिर मुलगा मागे पडतो. त्यामुळे इथे सवलत देणं मला मान्य नाही.

"मशीन लावलं की लगेच स्पष्ट ऐकू येईल"

चष्मा घातला की अक्षर तत्काळ स्वच्छ दिसतं, म्हणून मशीनकडूनही तीच अपेक्षा असते. पण चष्मा डोळ्यात शिरणारा प्रकाश नीट करतो. आतल्या कानाच्या दोषात बिघाड आवाज टिपणाऱ्या पेशींतच असतो. एका कानात अशा केशपेशी सुमारे १५ हजार असतात आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. मशीन आवाज मोठा करतं, हव्या त्या पट्टीत हवा तेवढा. उरलेल्या पेशी आणि मेंदू त्यातून अर्थ लावतात. वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला पंखा, कुकरची शिट्टी, घासली जाणारी भांडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटतात. याला सरावायला काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात मशीनचं प्रोग्रॅमिंग पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. बारीक नळी कानात घालून पडद्याजवळ आवाज खरोखर किती पोहोचतो, ते मोजता येतं. या मापनाला वेळ लागतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. सगळी कमाई मशीनच्या विक्रीत बसवलेली असल्याने महागडं मशीन खपवण्याचा दबाव येतो आणि फेरतपासणी ओझं ठरते. या व्यवसायाची मोठी दुखणी कुठली म्हणाल तर मी हे पहिलं सांगेन.

मशीनने कान आणखी खराब होतो, हेही खरं नाही, मात्र ते मोजून लावलेलं हवं. उलट कमी ऐकू येत असताना वर्षानुवर्षं काढली की माणूस गप्पांतून, समारंभांतून मागे सरतो. 'लॅन्सेट'च्या २०२० च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मध्यमवयातल्या श्रवणदोषाला वरचं स्थान दिलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'अचीव्ह' चाचणीत मशीन आणि समुपदेशनाने सर्व ज्येष्ठांच्या आकलनशक्तीची घसरण थांबली असं दिसलं नाही. पण आधीच अधिक धोका असलेल्या गटात तीन वर्षांत ती सुमारे निम्म्याने मंदावली.

"कॉक्लिअर इम्प्लांट झालं, मूल आता बोलेल"

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवणारं उपकरण. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ते चालू करतात, मग प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी ठरवण्यासाठी मॅपिंगच्या भेटी आणि वर्षानुवर्षं श्रवण-वाचा प्रशिक्षण. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना इम्प्लांट मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण पुढच्या काळात केबल, बॅटरी, दुरुस्ती आणि थेरपीसाठी शहरात चकरा, हे घराच्या माथ्यावर येतं. मूल खुणांची भाषा शिकलं तर बोलायचं राहील, ही भीतीही निराधार आहे. लवकर मिळालेली कुठलीही पूर्ण भाषा मुलाच्या बुद्धीला आधारच देते. निवड मुलाची आणि घराची गरज पाहून करावी.

"कानात तेल घाला, सुटेल"

मळ कान स्वतःच बाहेर ढकलतो. पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात जातं. आणि एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेल, शेक, वाट बघणं यात वेळ घालवू नका. ती तातडीची स्थिती आहे. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर ऐकणं परतण्याची शक्यता जास्त असते. बहुतेक जण महिन्याने येतात, तोवर उपचारांचा उपयोग बराच कमी झालेला असतो.

मशीन घेण्यापूर्वी ऑडिओलॉजिस्टचा नोंदणी क्रमांक विचारा, खोली ध्वनिरोधक आहे का आणि यंत्र वर्षभरात प्रमाणित करून घेतलं आहे का ते पाहा, आणि ऑडिओग्रामची छापील प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका. पुढच्या वर्षी ऐकणं किती घसरलं, हे त्या कागदाशी ताडूनच कळणार असतं.