पिन किती उंचीवर?

निमोण्याच्या एका ऊस वाहतूकदाराचा प्रश्न आला आहे. जुना ट्रॅक्टर देऊन त्यांनी मोठ्या चाकांचा, उंच ट्रॅक्टर घेतला. ट्रॉल्या त्याच आहेत. शेतातून डांबरीवर चढताना पुढची चाके उचलू लागली. अमेरिकेत उंच पिकअपला मागे स्प्रिंगच्या दोन दांड्यांचा हूक लावून वजन पुढे ढकलतात. तसा इथे लावावा का?

लावू नये. तो हूक कुठे चालतो, ते आधी पाहू. पिकअपचा हूक मागच्या आसापासून बराच मागे असतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार त्यावर बसतो, मागची बाजू दबते आणि स्टिअरिंग हलके पडते. ताणलेल्या दांड्या हुकाचा सांधा वाकू देत नाहीत, म्हणून थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या आसावर जातो. एकूण वजन तेवढेच राहते, वाटणी बदलते. गाडी उंच असेल तर आधी हूक खाली घेऊन ट्रेलर जमिनीला समांतर करतात आणि मग हुकावरच्या भाराप्रमाणे दांड्या निवडतात.

चारचाकी ऊस ट्रॉलीची दांडी मात्र पुढच्या फिरत्या आसाला बिजागरीसारखी जोडलेली असते. तिच्यातून ओढ जाते, पीळ जात नाही. स्प्रिंगच्या दांड्यांना तिथे जोर लावायला आधारच नाही.

मग चाके का उचलतात? ओढीला ट्रॉली जोडायच्या पिनच्या उंचीने गुणा, दोन आसांमधल्या अंतराने भागा. तेवढा भार पुढच्या चाकांवरून कमी होतो. समजा, पुढे ८०० किलो भार आहे, अंतर २ मीटर आहे आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या मऊ रानातून चढावर घेताना २ टनांची ओढ लागली. पिन ५० सेंटिमीटरवर असेल तर ५०० किलो जातात, ३०० उरतात. ८० सेंटिमीटरवर असेल तर सगळे ८०० जातात. स्टिअरिंग हातात आहे, पण वळवायला चाक जमिनीवर नाही!

पुढची चाके अशी उचलून मागे उलटण्याच्या भीतीतूनच आजचा ट्रॅक्टर घडला, आणि ती कथा मला फार प्रिय आहे. १९१७ साली आलेला फोर्डसन ट्रॅक्टर, नांगर अडकला की, मागे उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने (१९०९ साली स्वतः बांधलेले विमान उडवणारा हाच!) नांगर ट्रॅक्टरला खाली दोन आणि वर एक अशा तीन ठिकाणी जोडला. नांगराला अडथळा झाला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि नाक खाली राहते. अमेरिकी हुकामागचे तत्त्वही हेच आहे: सांध्याला वाकू द्यायचे नाही. फर्ग्युसनचे नाव आजही ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झळकते. त्याच्या कल्पना लोखंडात उतरवणारा मेकॅनिक विली सँड्स मात्र कुणाला आठवत नाही, आणि हा अन्याय आहे. कल्पना कागदावर असते तोवर तिला वजन पेलावे लागत नाही. ते पेलायला लावले सँड्सने.

तर उत्तर असे. ट्रॉलीची दांडी बदललेली नाही, म्हणून नव्या ट्रॅक्टरची पिनही जुन्या उंचीवर आणा. त्यासाठी कंपनीचाच खालचा ड्रॉबार वापरा, वेल्डिंगची जोडणी नको. भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी असताना दांडी समांतर दिसली पाहिजे. पुढे वजनाच्या प्लेटा लावल्याने मदत होते, पण पिन उंचच राहिली तर ती अपुरी पडते. जाहिरातीत हॉर्सपॉवरचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. ट्रॅक्टर घेताना टेप घेऊन जावे आणि ड्रॉबारची उंची मोजावी.

उतारावर तर ही उंची आणखी घातक ठरते. ब्रेक मागच्या चाकांना असतात, ट्रॉल्यांना बहुधा नसतातच. मागून रेटणारा ऊस उंच पिनवर ढकलतो तेव्हा भार पुढे सरकतो आणि ज्या चाकांना ब्रेक लागायचा त्यांचीच पकड सुटते.