परका कीं पाहुणा ? थेसलोनिकीच्या विद्यापीठांतील एक वर्ष

ग्रीक भाषेंत 'क्सेनोस' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ परका. आणि पाहुणा हाहि त्याचाच अर्थ. आपल्या भाषेंत या दोघांस वेगवेगळीं नांवें आहेत आणि त्यांच्यामध्यें घराचा उंबरठा आहे. बाहेर उभा असेल तोंवर परका, आंत येऊन पाटावर बसला कीं पाहुणा. ग्रीकांनीं शब्दापुरता तरी हा उंबरठा ठेवलेला नाहीं. प्राचीन ग्रीक लोक देवांचा राजा झ्यूस यास 'क्सेनिओस' म्हणजे अतिथींचा रक्षक म्हणत, आणि दाराशीं आलेल्या अनोळखी मनुष्यास हांकून देणें हा त्या देवाचा अपराध समजत. अतिथीस देव मानावें ही शिकवण ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, अशा आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु शब्दांतील औदार्य निराळें आणि व्यवहारांतील औदार्य निराळें. त्या दोहोंचा मेळ कितपत बसतो हें पाहावयाचें तर जेथें दरवर्षीं देशोदेशींचे तरुण येऊन राहतात अशा ठिकाणाकडे वळलें पाहिजे. उत्तर ग्रीसमधील थेसलोनिकी शहराचें विद्यापीठ हें असें एक ठिकाण आहे.

निर्वासितांच्या शहरांत

थेसलोनिकी हें समुद्रकांठचें फार जुनें शहर. ख्रिस्तपूर्व ३१५ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा कॅसँडर यानें तें वसविलें आणि आपल्या पत्नीचें, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचें, नांव त्यास दिलें. रोमन, बायझंटाइन आणि तुर्की अशा साम्राज्यांच्या अमलाखालून जाऊन तें १९१२ सालीं ग्रीसच्या राज्यांत आलें. पांच वर्षांनीं, १९१७ सालीं, मोठी आग लागून शहराचा बराचसा भाग जळून गेला. नंतर १९२३ च्या करारानें ग्रीस व तुर्कस्तान यांनीं लोकसंख्येची अदलाबदल केली. येथील मुसलमान पिढ्यांचीं घरें सोडून तुर्कस्तानांत गेले, आणि आशिया मायनरमधून आलेल्या ग्रीक निर्वासितांनीं शहर भरून गेलें.

अशा काळांत, १९२५ सालीं, येथें विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा झाला आणि पुढील वर्षीं अध्यापनास आरंभ झाला. ज्या शहरांत पुष्कळ लोकांस डोक्यावर नीट छप्पर नव्हतें, तेथें राज्यकर्त्यांनीं विद्यापीठास पैसा काढावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९५४ सालीं त्यास ॲरिस्टॉटलचें नांव देण्यात आलें. त्या तत्त्ववेत्त्याचें जन्मस्थान स्तागिरा हें याच प्रदेशांत आहे. आज हें ग्रीसमधील सर्वांत मोठें विद्यापीठ गणलें जातें. परकीयांस ग्रीक भाषा शिकविणारी स्वतंत्र शाळा येथें १९७० सालापासून चालू आहे. १९८७ सालीं युरोपांत 'इरॅस्मस' नांवाची योजना निघाली, तींत एका देशाच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या देशाच्या विद्यापीठांत कांहीं महिने शिकावें अशी सोय झाली, आणि तेव्हांपासून परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढत गेला.

'ने' म्हणजे होय

शरद् ऋतूंत नवा विद्यार्थी येतो तेव्हां त्याची पहिली परीक्षा वर्गांत होत नाहीं. ती बाजारांत होते. भूमितींत आल्फा, बीटा, पाय हीं अक्षरें शिकलेला मुलगा दुकानांच्या पाट्या अडखळत कां होईना, वाचूं लागतो. परंतु बोलणें सुरू होतांच घोटाळा होतो. ग्रीक भाषेंत 'होय' या अर्थीं 'ने' म्हणतात ! आपल्या कानांस तो स्पष्ट नकार वाटतो. आणि खरा नकार द्यावयाचा असेल तेव्हां दुकानदार पुष्कळदां तोंड उघडतच नाहीं. हनुवटी व भुंवया वर उचलून जिभेनें 'च्' असा आवाज करतो. पाव आहे का म्हणून विचारणारा नवखा विद्यार्थी या खुणेस उत्तराचा आरंभ समजून तेथेंच उभा राहतो.

संस्कृत शिकलेल्या मुलास मात्र येथें कांहीं ओळखीच्या खुणाहि सापडतात. बापास 'पातेरास' व आईस 'मितेरा' म्हणतात. मित्राचें नांव निकोस असेल तर हांक मारतांना अखेरचा स् गळून 'निको' एवढेंच उरतें. 'रामः' या रूपाचें संबोधनीं 'राम' होतें, तसाच हा प्रकार. घरीं आजोबांनीं पाठ करून घेतलेल्या विभक्ति हजारों मैलांवर उपयोगीं पडतील असें कोणास वाटलें असेल ?

विद्यार्थ्यांच्या भोजनगृहास 'लेस्ही' म्हणतात. ग्रीसच्या १९७५ च्या राज्यघटनेप्रमाणें सार्वजनिक शिक्षण विनामूल्य आहे, आणि गरजू विद्यार्थ्यांस या भोजनगृहांत जेवणहि मोफत मिळतें. जेवणानंतर कॉफी आलीच. थंड फेंसाळ कॉफीचा 'फ्रापे' हा प्रकार याच शहरांत, विद्यापीठाच्या शेजारीं भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत, १९५७ सालीं प्रथम तयार झाला. ती घोट घोट घेत दोन दोन तास बसण्याची येथें रीत आहे. आपला मुलगा कॉफीगृहांत वेळ दवडतो, असें घरच्या वडीलधाऱ्यांस वाटेल. परंतु वर्गांत न सुटलेलें व्याकरण पुष्कळदां त्याच मेजावर सुटतें.

सणांचें वर्ष

परदेशी विद्यार्थ्यांचें येथील वर्ष परीक्षांपेक्षां सणांनीं अधिक मोजलें जातें. २६ ऑक्टोबर हा शहराचा रक्षक संत दिमित्रिओस याचा दिवस. १९१२ सालीं शहर ग्रीसकडे आलें तें जुन्या पंचांगाप्रमाणें याच तिथीस. त्या दिवशीं दिमित्रिस आणि दिमित्रा या नांवाच्या असंख्य माणसांचा 'नामदिन' असतो. ग्रीसमध्यें वाढदिवसाहून नामदिनाचें महत्त्व मोठें. त्यांतील गंमत अशी कीं, ज्याचा नामदिन असतो त्यानेंच इतरांस खाऊपिऊं घालावयाचें असतें. मंडळींनीं 'ख्रोनिया पोला' म्हणजे 'पुष्कळ वर्षें लाभोत' एवढा आशीर्वाद दिला कीं झालें. वर्गांत मिठाईची पेटी फिरते तेव्हां परक्या विद्यार्थ्यास ती वगळीत नाहीं. नामदिनाचें हें देणें अमक्यास द्यावें आणि तमक्यास न द्यावें, असें नसतें.

नोव्हेंबरांतील दिवस निराळ्या जातीचा आहे. १९६७ पासून ग्रीसमध्यें लष्करी हुकूमशाही होती. १९७३ च्या नोव्हेंबरांत अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधील विद्यार्थ्यांनीं संस्था ताब्यांत घेऊन तिच्याविरुद्ध आवाज उठविला. थेसलोनिकींतील विद्यार्थ्यांनींहि तसेंच केलें. १७ तारखेस पहाटे अथेन्समध्यें रणगाड्यानें संस्थेचें लोखंडी दार पाडलें. पुढच्याच वर्षीं ती राजवट कोसळली. दरवर्षीं त्या दिवशीं अथेन्समध्यें लोक त्या मोडक्या दारापाशीं फुलें वाहतात, आणि गांवोगांव मिरवणुका निघतात. परदेशी विद्यार्थ्यास प्रथम वाटतें कीं ही एक सुट्टी आहे. मग मिरवणुकींत पांढऱ्या केसांचीं माणसें दिसतात, आणि तीं त्या रात्रीं विद्यार्थी होतीं हें कळल्यावर तो गप्प होतो.

नववर्षीं 'वासिलोपिता' नांवाचा केक करतात व त्यांत एक नाणें लपवितात. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मातेचा, मग घराचा, कित्येक ठिकाणीं एक गरिबांचा, आणि नंतर घरांतील प्रत्येकाचा. नाणें ज्याच्या वांट्यास येईल त्यास वर्ष भाग्याचें. ही चाल घरापुरती राहत नाहीं. जानेवारी-फेब्रुवारींत कचेऱ्या, मंडळें व विद्यापीठांचे विभागहि आपापला केक कापतात. प्राध्यापकाच्या हातून आपल्या नांवाचा तुकडा मिळाला म्हणजे हजेरीपटांत नसलेली एक नोंद झाली असें विद्यार्थ्यास वाटतें.

१ मार्चला मनगटास लाल-पांढरा दोरा बांधतात, त्यास 'मार्तिस' म्हणतात; तो वसंताच्या उन्हापासून जपतो अशी समजूत आहे. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाचा आरंभ 'शुद्ध सोमवारीं' होतो. त्या दिवशीं सर्व लोक मोकळ्या माळावर जाऊन पतंग उडवितात आणि तिळाचा हलवा खातात. संक्रांतीस पतंग आणि तिळाचा हलवा यांवर वाढलेल्या आपल्या मुलास तेथें घरची आठवण न आली तरच आश्चर्य ! दोन्ही हलवे एकसारखे नाहींत. आपला साखरेच्या कांट्यांचा, तर तेथील तीळ वाटून केलेल्या लगद्याची वडी. पण नांव एक, धान्य एक, आणि आकाशहि एकच.

शाकाहारी मुलाचें काय ?

आमच्या वाचक भगिनींचा पहिला प्रश्न हाच असेल. त्याचें उत्तर ग्रीक उपवासांत आहे. धर्मनिष्ठ ग्रीक मनुष्य ईस्टरपूर्वीचे कित्येक आठवडे, शिवाय बुधवारीं व शुक्रवारीं, मांस, अंडीं, दूध वर्ज्य करतो. त्यामुळें बिनमांसाचे पदार्थ तेथील स्वयंपाकांत शतकानुशतकें मुरलेले आहेत : पांढऱ्या घेवड्याची 'फासोलादा', मसुरीचें कालवण 'फाकेस', पालक घालून शिजविलेला भात, हरभऱ्याचें कालवण, भात भरून गुंडाळलेलीं द्राक्षाचीं पानें. अशा पदार्थांस 'निस्तीसिमा' म्हणतात. हा एक शब्द पाठ असला तर मुलगा उपाशी राहणार नाहीं. एक सावधगिरी मात्र हवी. कोळंबी, माकूल वगैरे जलचर त्यांच्या उपवासास चालतात; तेव्हां ताटांत काय आहे हें विचारून घ्यावें.

ईस्टरला वसतिगृह ओस पडतें, कारण जो तो आपल्या गांवीं जातो. अशा वेळीं एखादा वर्गमित्र परदेशी मुलास बरोबर चल म्हणतो. मध्यरात्रीं देवळांत सर्व दिवे मालवतात. मग एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा मेणबत्त्या पेटत जातात, आणि लोक ती ज्योत न विझवितां घरापर्यंत नेतात. दुसऱ्या दिवशीं अंगणांत कोंकरूं भाजतात. आपल्या मुलानें तिकडे न पाहतां पाव व पालेभाजीवर समाधान मानावें. पण आदल्या रात्रीं अंधारांत शेजारच्या म्हातारीनें आपली मेणबत्ती पुढें करून त्याची पेटविलेली असते. तेवढें त्याच्या लक्षांत राहतें.

पायांखालची जमीन

इतकें वाचून वाचक म्हणतील, क्सेनोस शब्दाची कसोटी उतरली. परंतु हें शहर याच कसोटीस एकदां उतरलें नाहीं, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

१४९२ सालीं स्पेननें आपल्या यहुदी प्रजेस देशाबाहेर घालविलें. त्यांतील पुष्कळ जण तुर्की अमलाखालील थेसलोनिकीस आले व येथेंच रुजले. चारशें वर्षांनंतरहि ते घरांत जुनी स्पॅनिश बोलत. शनिवारीं त्यांचा विसाव्याचा दिवस म्हणून बंदर बंद असे. शहराच्या पूर्वेस त्यांचें विस्तीर्ण स्मशान होतें व त्यांत तीन लाखांहून अधिक थडगीं होतीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं शहर घेतल्यावर, १९४२ च्या डिसेंबरांत, स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातांनीं तें स्मशान उखडण्यांत आलें. त्याचे दगड शहरभर बांधकामास वापरले गेले. १९४३ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत पंचेचाळीस हजारांहून अधिक यहुदी आगगाड्यांत कोंबून नेण्यांत आले, बहुतेक सर्व ऑश्विट्झला. परतले ते अगदीं थोडे. आजचें विद्यापीठ मोठ्या अंशीं त्याच स्मशानाच्या भूमीवर उभें आहे.

कित्येक दशकें विद्यापीठाच्या आवारांत याची खूण नव्हती. २०१४ च्या नोव्हेंबरांत तेथें स्मारक उभारलें गेलें, आणि शहरानें मौन सोडण्यास फार उशीर लावला हें तत्कालीन महापौरांनीं उघडपणें मान्य केलें. आज परदेशी विद्यार्थी त्या वाटेनें वर्गास जातात. पाहुण्याचें आदरातिथ्य करणें त्या मानानें सोपें आहे, कारण तो कांहीं दिवसांनीं जावयाचा असतो. जो पाहुणा कायमचा शेजारी झाला, त्याच्या संकटकाळीं दार उघडें राहतें कीं नाहीं, ही कसोटी अवघड. हा धडा त्या विद्यापीठाच्या कोणत्याहि अभ्यासक्रमाइतकाच शिकण्याजोगा आहे, आणि तो एकट्या ग्रीकांसाठीं नाहीं.

आपल्या दाराशीं

या प्रवासाची दुसरी बाजूहि आहे. दिमित्रिओस गालानोस हा १७६० सालीं अथेन्सला जन्मलेला ग्रीक विद्वान् १७८६ मध्यें ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांस शिकविण्यासाठीं कलकत्त्यास आला, आणि पुढें काशीस जाऊन राहिला. तेथील पंडितांपाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें, सुमारें चाळीस वर्षें तेथेंच काढलीं, आणि १८३३ सालीं तेथेंच देह ठेवला. त्यानें केलेलें भगवद्गीतेचें ग्रीक भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्यें प्रसिद्ध झालें. काशीच्या पंडितांनीं परक्यास शिष्य म्हणून जवळ केलें नसतें, तर ग्रीकांस गीता त्यांच्या भाषेंत इतक्या लवकर वाचावयास मिळाली नसती.

आणि आतां तर परके विद्यार्थी आपल्याच गांवांत येतात. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहांत आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे हाल पाहून डॉ. शां. ब. मुजुमदार यांनीं १९७१ सालीं पुण्यास परदेशी विद्यार्थ्यांसाठीं संस्था काढली. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. संस्थेस त्यांनीं आपल्या शास्त्रांतलेंच 'सिंबायोसिस' हें नांव दिलें. हा शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ 'एकत्र राहणें'.

ज्या घरांतून मुलगा वा मुलगी ग्रीसला निघाली असेल, त्यांनीं पेटींत लोणच्याबरोबर संक्रांतीचा थोडा हलवाहि द्यावा. शुद्ध सोमवारीं तो वांटावयास उपयोगीं पडेल. आणि ज्या घरांतून कोणी जात नसेल, त्यांनीं गल्लींत भाड्यानें राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास यंदाच्या दिवाळीस फराळास बोलवावें. नातेवाईक नसलेल्या गांवांत सणाचा दिवस किती लांब असतो, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार ?