ओढणी मोतिया, पडदा पांढरा

हिंगणघाटच्या दुकानात बसून आम्ही लॅपटॉपवर सुरतचे नमुने पाहिले आणि पांढऱ्याशुभ्र ओढण्या मागवल्या. गठ्ठा सोडला तर सगळा माल मोतिया! ऐन लग्नसराईत रक्कम अडकली. भांडायला फोन उचलला, पण दोष सुरतवाल्याचा नव्हता. आमचाच पडदा निळसर होता, त्यात पिवळी झाक बुडाली.

यावर इलाज आहे. पडदा कोणता रंग किती चुकवतो याची नोंद एका फाइलीत असते, तिला प्रोफाइल म्हणतात. तिचा सर्वमान्य नमुना ठरवण्यासाठी १९९३ साली आठ कंपन्यांनी आयसीसी ही संस्था काढली. विंडोजमध्ये डोळ्यांनी रंग जुळवायची सोय आहे. पडद्यावर टेकवून मोजणारे कलरिमीटर अधिक खरे. चार दुकानदारांनी मिळून एक घेतले तरी भागते. पांढऱ्याचे माप ६५०० केल्विन ठेवावे, ‘नाइट लाइट’ बंद करावा. शेजाऱ्याची प्रोफाइल मात्र उचलून आणू नये. एकाच मॉडेलचे दोन पडदेसुद्धा सारखे नसतात.

समोरच्याचा फोटोच चुकीचा असेल तर प्रोफाइल काय करणार? म्हणून मोठ्या सौद्याला आम्ही अजूनही कुरियरने कापडाचा तुकडा मागवतो आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, बाहेर ओट्यावर नेऊन पाहतो.