कुकीतल्या काजूची कुंडली

काजू, बदाम, पिस्ता. कुकीच्या पाकिटावर यांना बिनदिक्कत ‘नट्स’ म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिघांपैकी एकही खरं नट नाही. सगळ्या नुसत्या बिया! बदाम तर पीचच्या भाऊबंदांतला. शेंगदाण्याचं गोत्र थेट तूर-मुगाचं. अस्सल नट खायचंच असेल, तर हेझलनट शोधा आणि खिसा सांभाळा.

यात सगळ्यात भन्नाट चरित्र काजूचं. मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणला आणि गोव्या-कोकणात असा रुजला की आज वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. बी फळाच्या पोटात न राहता बोंडाखाली बाहेर लटकते. तिच्या टरफलातलं तेल इतकं जहाल की कातडी भाजून निघते, म्हणून बी आधी भाजून किंवा वाफवूनच फोडतात. थोडक्यात, दुकानात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजू कच्चा नसतोच. आणि टरफलातलं ते तेल? गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं.

काजूच्या पाकिटावर डब्ल्यू-२४० किंवा डब्ल्यू-३२० असा आकडा दिसतो. तो एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात याचा. आकडा लहान, तर काजू मोठा आणि भावही मोठा. कुकीत जाडसर भरडच घालायची असेल, तर अख्ख्याचे पैसे कशाला मोजायचे? पाकळी किंवा तुकडा घ्या. चवीत तसूभर फरक नाही.

आता बटर. त्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी. तूप मात्र जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. मैद्याला पाणी लागलं की ग्लुटेन तयार होऊन पीठ चिवट होतं. कणांभोवती तूप-लोण्याचा थर बसला की पाणी आत शिरत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घालणाऱ्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. तुपाची नानकटाई जिभेवर ठेवताच विरघळते, तीही याच कारणाने.

म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र का? चाऱ्यातलं पिवळं बीटा-कॅरोटीन म्हैस जवळजवळ सगळं ‘अ’ जीवनसत्त्वात बदलून टाकते. टेबल बटरचा पिवळेपणा बहुतेक वेळा शेंद्रीच्या बियांचा असतो. वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत ‘अ‍ॅनाटो’ वाचा, खात्री पटेल.

बटर-साखर फेसताना हात दुखतो, पण तिथे कंटाळा नको. साखरेचे दाणे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात. सोडा नवे बुडबुडे निर्माण करत नाही, असलेलेच फुगवतो. म्हणून नीट न फेसता वर चिमूटभर सोडा जास्त टाकायची युक्ती अंगाशी येते. कुकी फुगत नाही, साबणासारखी लागते ती वेगळीच.

चॉकलेट चिप कुकी हे अमेरिकेतल्या रूथ वेकफील्ड यांचं १९३० च्या दशकातलं अपत्य. त्यांच्या मूळ पाककृतीत चॉकलेटच्या जोडीला सुक्यामेव्याचे तुकडेही होते, हे चॉकलेटवेडे सोयीस्कर विसरतात.

घरी करायचं तर वजनाचं प्रमाण सोपं: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम काजू-बदाम. काजू-बदाम आधी कोरडे भाजा, कारण ओलसर पिठाच्या आत ते खमंग होत नाहीत. बटर अंगाच्या उष्णतेलाही वितळतं. आपल्या मे महिन्यात तर ओट्यावरच त्याचा ओघळ होतो. त्यामुळे गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर ओव्हनमध्ये सगळ्यांची मिळून एकच पोळी होईल. १६० ते १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत.

बाहेर काढल्यावर कुकी मऊ लागेल. ‘कच्ची राहिली’ म्हणून परत आत ढकलू नका. गार होताना लोणी आळतं तेव्हाच ती कडक होते. उरलेला सुकामेवा मात्र लगेच हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका. सुक्यामेव्यात अक्रोड सगळ्यात आधी खवट होतो, आणि एक खवट तुकडा अख्ख्या घाण्याची चव घालवतो.